मेंदूचा किंवा मणक्याचा सीटी स्कॅन सांगितलाय? पेशंटच्या घरच्यांसाठी पायरीपायरीने

सीटी स्कॅनचं मशीन आपलं काम काही सेकंदांत उरकतं. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते कळत नाही, पेशंट कोणत्या गोळ्या घेतो ते ऐनवेळी आठवत नाही, रिपोर्टमधला एखादा शब्द वाचून अख्खं घर रात्रभर जागं राहतं. आमच्या घरी वडिलांचा पक्षाघात, सासूबाईंचं पडणं आणि धाकट्या दिरांचं मणक्याचं दुखणं अशा तीन अगदी वेगळ्या कारणांनी सीटी झाले. मी डॉक्टर नाही, उपचारांचा निर्णय डॉक्टरांचाच. पण पेशंटसोबत जाणाऱ्या माणसाला जे माहीत असायला हवं, ते या तीन आजारपणांत नीट समजून घेतलं आणि तेच इथे मांडते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सीटीकडे प्रश्न घेऊन जावं लागतं. डोक्यात रक्तस्राव आहे का? मणका मोडलाय का? शीर बंद झालीय का? प्रश्न बदलला की स्कॅनचा प्रकार बदलतो, तयारी बदलते, कधी कधी सीटीऐवजी दुसरीच तपासणी लागते. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली की शांतपणे विचारा, "यातून आपल्याला काय शोधायचंय?" उत्तर एका ओळीचं असतं, पण पुढची प्रत्येक पायरी त्यावर ठरते.

१. अचानक झालं असेल तर आधी घड्याळ बघा

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं ही पक्षाघाताची लक्षणं. अशा वेळी पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून घ्या. "सकाळी उठले तेव्हा असं होतं" एवढं पुरत नाही. रात्री किती वाजता ते नीट बोलत झोपायला गेले, ती वेळ डॉक्टरांना लागते.

कारण असं की शिरेतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, म्हणजे अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते देण्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. गुठळीमुळे झालेला आणि रक्तस्रावामुळे झालेला पक्षाघात बाहेरून अगदी सारखे दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. ताजं रक्त सीटीत पांढरं चमकतं, म्हणून हा फरक सीटी मिनिटांत सांगतो. मोठी शीर बंद असेल तर कॅथेटरने, म्हणजे शिरेतून घातलेल्या बारीक नळीने, गुठळी ओढून काढण्याचा उपायही आहे. निवडक पेशंटमध्ये तो २४ तासांपर्यंत करता येतो, पण दर मिनिटाला मेंदूचं नुकसान होतच असतं.

या घाईत घरातले चांगल्या मनाने काही गोष्टी करतात, त्या टाळा. अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. गिळता येत नसेल तर दिलेलं पाणी किंवा चहा फुप्फुसात जातो, म्हणून तोंडाने काहीच नको. मालिश, गावठी औषध, कबुतराचं रक्त चोळणं यांत जो वेळ जातो तो परत मिळत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र तपासा. साखर खूप उतरली की हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणं दिसू शकतात.

१०८ ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात सीटी मशीन चोवीस तास चालू असतं तिथेच न्या. सीटी नसलेल्या दवाखान्यात आधी जाऊन मग "मोठ्या दवाखान्यात न्या" ऐकण्यात महत्त्वाचा तास जातो. तुमच्या तालुक्याजवळ असं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा.

अपघात किंवा उंचावरून पडणं असेल तर मान आणि पाठ न वाकवता पेशंटला सरळ हलवा. रिक्षात बसवून, मान एका बाजूला कलती ठेवून नेऊ नका. मोडलेला मणका अशा हलवण्यात सरकून मज्जारज्जूला इजा करू शकतो.

२. चिठ्ठीवरचे शब्द समजून घ्या

चिठ्ठीवर सहसा यांपैकी काही असतं.

*प्लेन सीटी ब्रेन:* डाय, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता. डोक्याला मार, पक्षाघाताची पहिली तपासणी, अचानक आलेली भयंकर डोकेदुखी यांसाठी.

*कॉन्ट्रास्ट सीटी:* शिरेतून आयोडीनयुक्त डाय देऊन. गाठ, गळू, टीबी किंवा इतर संसर्गाचा संशय असेल तेव्हा. आपल्याकडे मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर मेंदूतली टीबीची गाठ किंवा न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळीची गाठ, यांचा विचार डॉक्टरांना करावाच लागतो. कॉन्ट्रास्टमध्ये अशा गाठी अंगठीसारख्या कड्याने उठून दिसतात.

*सीटी अँजिओ:* मानेतल्या आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांसाठी. यातही डाय लागतो.

*सीटी स्पाइन:* इथे बारकाईने बघा. मानेचा म्हणजे सर्व्हायकल, पाठीचा म्हणजे डॉर्सल किंवा थोरॅसिक, कमरेचा म्हणजे लंबर. चिठ्ठीवर नुसतं "सीटी स्पाइन" असेल तर कोणता भाग हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. कमरेत दुखतं म्हणून नेहमी लंबरच लागतो असं नाही. पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरचे मणके, डी १२ आणि एल १ (पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला), पडल्यावर सर्वांत जास्त मोडतात. चुकीच्या भागाचा स्कॅन म्हणजे पैसे गेले, रेडिएशनही विनाकारण मिळालं.

चिठ्ठीवर लक्षणं आणि संशय दोन ओळींत लिहिलेला असेल तर रिपोर्टचा दर्जा बदलतो. फिल्म वाचणारे रेडिओलॉजिस्ट बहुतेक वेळा पेशंटला भेटतही नाहीत. "उजव्या हातात अशक्तपणा, कालपासून" एवढं वाचलं तरी मेंदूच्या डाव्या बाजूला कुठे जास्त निरखून बघायचं हे त्यांना कळतं.

३. सीटी की एमआरआय?

घरचे सर्वांत जास्त घोळ इथे घालतात. "एमआरआय महाग म्हणजे चांगला, तोच करून टाका" असं कोणीतरी हमखास म्हणतं.

सीटी एक्स-रे वापरतो. म्हणून ताजं रक्त, हाड, कॅल्शियम साठलेली गाठ, मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढणं हे त्याला चटकन दिसतं. तो सगळीकडे मिळतो आणि बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवरही करता येतो. एमआरआय मऊ भागांत सरस आहे. अगदी सुरुवातीचा गुठळीचा पक्षाघात, मेंदूच्या मागच्या आणि खालच्या भागातल्या तक्रारी, मज्जारज्जू, सरकलेली चकती, दबलेली नस यांसाठी एमआरआयच हवा. कवटीच्या मागच्या खोबणीत जाड हाडामुळे सीटीच्या चित्रात पट्टे येतात, त्यामुळे छोट्या मेंदूचे विकार त्यात निसटू शकतात.

मणक्याच्या बाबतीत माझ्या मनात हिशेब असा पक्का झालाय: हाड बघायचं असेल तर सीटी, नस आणि मज्जारज्जू बघायचा असेल तर एमआरआय. दिरांच्या वेळी दोन्ही लागले. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं, रात्री झोपेतून उठवणारं पाठदुखणं. एमआरआयने मणक्याभोवतीचा पू आणि मज्जारज्जूवरचा दाब दाखवला, सीटीने हाड किती झिजलंय ते दाखवलं. मग सीटीच्या मदतीने सुई नेमकी गाठीत नेऊन तुकडा काढला आणि तो टीबीच्या जीनएक्स्पर्ट तपासणीला गेला. नुसत्या चित्रावरून औषधं सुरू करण्यापेक्षा हा तुकडा मोलाचा ठरतो, कारण टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात की नाही तेही त्यातून कळतं.

जुना पेसमेकर, कानातला कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या शस्त्रक्रियेतली जुनी धातूची क्लिप असेल तर एमआरआय काही वेळा करता येत नाही. मज्जारज्जूसाठी अशा पेशंटला सीटी मायलोग्राम सांगतात. त्यात कमरेतून सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात डाय सोडून मग सीटी काढतात.

एक धोक्याची खूण मात्र विसरू नका. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर सीटीसाठी नंबर लावत बसू नका. थेट कॅज्युअल्टीत जा. तिथे तातडीचा एमआरआय आणि सर्जन लागतो.

उलट, साधी कंबरदुखी असेल, ताप नाही, मार नाही, पायात अशक्तपणा नाही, कॅन्सरचा इतिहास नाही, तर पहिले सहा आठवडे बहुतेकांना कोणत्याच स्कॅनची गरज नसते. डॉक्टर "थांबूया" म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

४. सोबत काय न्यायचं

ही पिशवी घरात तयार ठेवा, विशेषतः म्हातारी माणसं असतील तर:

- डॉक्टरांची चिठ्ठी, भाग आणि कारण लिहिलेली
- पेशंटचं आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास तेही
- मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचं कार्ड
- चालू गोळ्यांची यादी, किंवा सरळ गोळ्यांच्या पट्ट्याच
- ताजा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट, डाय द्यायचा असेल तर
- आधीचे सगळे सीटी, एमआरआय: फिल्म, रिपोर्ट आणि सीडी
- आधी झालेल्या शस्त्रक्रियांचे कागद, शरीरात काही बसवलं असेल तर त्याचं कार्ड

गोळ्यांच्या यादीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक लिहा: वॉरफरिन, असिट्रोम, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन, अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगाट्रान. अशा पेशंटच्या डोक्याला साधा मार लागला तरी डॉक्टर सीटी करायला सांगतात, आणि ते योग्यच आहे.

खर्चाचं थोडक्यात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झालेल्या पेशंटच्या उपचारांसाठी, आणि तपासण्या त्या उपचारांतच धरल्या जातात. बाहेर जाऊन स्वतः केलेल्या स्कॅनचे पैसे नंतर मिळतील असं गृहीत धरू नका. रुग्णालयात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल शोधा आणि पैसे भरण्याआधी विचारा. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम, नागपूरचं मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ अशा सरकारी रुग्णालयांत सीटी खाजगीपेक्षा खूप स्वस्तात होतो. गोव्यातल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. रस्त्यावरचा अपघात असेल तर एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद होते. तिची प्रत जपून ठेवा, विम्याला लागते.

५. डाय द्यायचा असेल तर

केंद्राने सांगितलं असेल तेवढा वेळ उपाशी राहायचं, बहुतेक ठिकाणी चार तास सांगतात. बीपीची, फिटची गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का हे फोन करून विचारा. फिटची गोळी चुकवून स्कॅनला गेलेल्या पेशंटला टेबलावर फिट येऊ शकते.

मूत्रपिंड कमजोर असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, थायरॉइडचा त्रास असेल, दमा असेल, आधी कधी डायने अंगावर पित्त उठलं असेल, तर आपणहून सांगा. मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचं काम बघून डॉक्टर ठरवतात. कोकणात आणि गोव्यात एक समज फार ऐकू येतो की कोळंबी किंवा मासे सोसत नसतील तर डायही सोसणार नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. ती सांगा जरूर, पण तेवढ्यावरून डायला नकार देऊ नका.

डाय शिरेत जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडात धातूची चव येते, आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ती झालेली नसते. हे पेशंटला आधीच सांगून ठेवलं तर तो दचकून हलत नाही. खाज, घशात अडकल्यासारखं होणं, श्वास लागणं मात्र लगेच बोलून दाखवायचं. स्कॅननंतर अर्धा तास तिथेच थांबा आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं नसेल तर दिवसभर भरपूर पाणी पाजा.

६. मशीनच्या खोलीत

डोक्याच्या सीटीला कानातलं, नाकातली चमकी, केसांतले पिन, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र काढायचं. मानेच्या सीटीला मंगळसूत्र आणि गळ्यातल्या माळाही. धातूमुळे चित्रात रेघा उमटतात आणि नेमकं बघायचं ते झाकलं जातं. मंगळसूत्र काढायला कित्येक बायकांना जड जातं. घरीच हा विषय काढून ठेवला की तिथे घासाघीस होत नाही, दागिनेही घरीच सुरक्षित राहतात.

सीटीचं मशीन जाड कड्यासारखं, दोन्हीकडून उघडं असतं. एमआरआयसारखा बोगदा नाही, आवाजही फार नाही. प्लेन डोक्याचा स्कॅन टेबलावर झोपून उठेपर्यंत पाच-दहा मिनिटांत होतो. फक्त हलायचं नाही. लहान मूल किंवा भ्रमात असलेला पेशंट स्थिर राहणार नसेल तर झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि त्यासाठी उपाशी असणं गरजेचं. सोबत कोणाला आत थांबावंच लागलं तर शिशाचा अ‍ॅप्रन मागा. गरोदर बाईने आत थांबू नये.

७. रेडिएशनची भीती किती धरायची

डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतं. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगभराच्या सरासरीने मिळणारं रेडिएशन २.४ मिलिसिव्हर्ट आहे. कमरेच्या मणक्यांचा सीटी यापेक्षा बराच जास्त, ६ च्या आसपास. म्हणजे गरजेच्या सीटीला घाबरून नकार द्यावा असं यात काही नाही, आणि "एकदा सगळंच बघून घेऊ" म्हणून करावा इतका तो निरुपद्रवीही नाही. मुलांच्या बाबतीत तर "मुलाच्या वजनाप्रमाणे डोस कमी केलाय ना?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गरोदरपणाची नुसती शंका असली तरी आधी सांगा. डोक्याच्या सीटीत पोटातल्या बाळापर्यंत रेडिएशन नगण्य पोचतं, कमरेच्या सीटीचं मात्र तसं नाही. आपल्या देशात सीटी मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना लागतो. तो आहे का हे केंद्रात विचारता येतं.

८. रिपोर्ट हातात आला

सीटीच्या चित्रातली प्रत्येक छटा म्हणजे एक आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड १००० च्या आसपास किंवा त्याहून वर, ताजं रक्त ५० ते ७० च्या घरात. या आकड्यांना हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. गॉडफ्री हाउन्सफिल्ड या इंग्लिश अभियंत्याने बनवलेल्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याआधी मेंदूच्या पोकळ्या बघण्यासाठी कमरेतून हवा भरून एक्स-रे काढत, आणि पेशंटला त्याने असह्य डोकेदुखी होई. आपला पेशंट दहा मिनिटांत उठून बसतो तेव्हा मला त्या माणसाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

रिपोर्टमध्ये *हायपरडेन्स* म्हणजे पांढरट: ताजं रक्त, कॅल्शियम. *हायपोडेन्स* म्हणजे काळपट: सूज, रक्तपुरवठा तुटलेला भाग, पाणी. *मिडलाइन शिफ्ट* म्हणजे दाबामुळे मेंदू मधल्या रेषेवरून एका बाजूला सरकलाय. हा शब्द दिसला तर रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नका, त्याच पावली डॉक्टरांकडे जा.

*एज-रिलेटेड अ‍ॅट्रॉफी*, *स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस* हे शब्द साठी-सत्तरीच्या माणसांच्या रिपोर्टमध्ये वारंवार येतात. वयाने मेंदू थोडा आकसणं, बीपी आणि साखरेने बारीक रक्तवाहिन्यांवर झालेला परिणाम असा त्यांचा अर्थ. ते वाचून "बाबांचा मेंदू सुकला" असं फोनाफोनी करून नातेवाइकांना सांगू नका. तसंच मणक्याच्या रिपोर्टमधले *ऑस्टिओफाइट* (मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड), *डिस्क बल्ज* (फुगलेली चकती) हे ज्यांना काही दुखत नाही त्यांच्यातही सापडतात. शेवटी लिहिलेलं "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे चित्र आणि पेशंट जुळवून बघा. ते जुळवणं तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम, इंटरनेटचं नाही.

९. "नॉर्मल" रिपोर्टचा सापळा

गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल दिसू शकतो. तिथे नॉर्मल याचा अर्थ "रक्तस्राव नाही, इंजेक्शनचा विचार करता येईल" असा होतो. पेशंटला घरी न्या, असा होत नाही.

आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू झाली तर मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची शंका असते. पहिल्या ६ तासांत आधुनिक मशीनवरचा सीटी तो जवळजवळ नेहमी पकडतो. उशीर झाला तर रक्त पसरून फिकं होतं आणि डॉक्टर पाठीतून पाणी काढून तपासायला सांगतात. "सीटी तर चांगला आलाय, मग सुई कशाला" म्हणून अडवू नका.

डोक्याला मार लागून सीटी नॉर्मल आला तरी पुढचे २४ तास पेशंटसोबत जागं, शुद्धीवरचं माणूस हवं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही झालं तर परत न्या.

म्हाताऱ्या माणसांत तर हा धोका आठवड्यांनी येतो. सासूबाई न्हाणीघरात हलक्याशा पडल्या होत्या, त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्या चालताना एका बाजूला झुकू लागल्या, दिवसभर पेंगू लागल्या. वयाने मेंदू आकसला की कवटी आणि मेंदू यांच्यातल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात आणि छोट्या धक्क्यानेही थेंबथेंब रक्त साठत जातं. याला क्रॉनिक सबड्युरल म्हणतात. कवटीला छोटं भोक पाडून ते काढलं की माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो, त्या तशाच झाल्या. म्हणून "वय झालंय, विसरतातच" म्हणण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांत पडणं झालं होतं का हे आठवा आणि डॉक्टरांना सांगा. या दुखण्यात दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास सीटीत रक्ताचा रंग मेंदूच्या रंगासारखाच दिसतो आणि ते डोळ्यांआड होऊ शकतं. तारीख माहीत असेल तर रेडिओलॉजिस्ट ते मुद्दाम शोधतात.

१०. फिल्म, सीडी आणि पुढचा स्कॅन

केंद्रातून निघताना फिल्मसोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ चित्रं मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात. सीडीत सगळी असतात, आणि डॉक्टर त्यात हाडाची आणि मेंदूची छटा बदलून बघू शकतात. दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर फिल्म खिडकीला लावून काढलेला व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवू नका. बारीक रक्तस्राव त्यात हमखास लपतो. सीडीतल्या फाइलची लिंक पाठवा.

फिल्म सपाट ठेवा, दुमडू नका, उन्हात आणि ओलाव्यात ठेवू नका. पाकिटावर तारीख, भाग आणि त्या वेळचं लक्षण मोठ्या अक्षरांत लिहा. पुढचा सीटी शक्यतो त्याच केंद्रात करा आणि नव्या चिठ्ठीसोबत जुनी सीडी काउंटरवर देऊन "तुलना करून रिपोर्ट द्या" असं सांगा. गाठ वाढली की कमी झाली, हे एकट्या नव्या स्कॅनवरून कोणालाच सांगता येत नाही.